याची नोंद कोण करतं?

बेसबॉलबद्दल मला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत पहिला क्रमांक ठरलेला आहे : "क्रिकेटसारखंच ना ते?" दुसरा, "हातात मोजे घालून कॅच पकडायचा, त्यात काय मोठंसं?" आणि तिसरा, "जगात कोणी खेळत नाही आणि म्हणे वर्ल्ड सिरीज!" कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये मी राहतो. इथल्या आमच्या मराठी कंपूत हे तीन प्रश्न विचारून झाले की विषय संपतो आणि गाडी आयपीएलवर येते. उत्तर कोणालाच नको असतं. तरी देतो.

तिसऱ्याचं सोपं आहे. जपान, कोरिया, तैवान, क्यूबा, डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला इथे हा खेळ भक्तिभावाने खेळला जातो. वर्ल्ड सिरीज हे नाव मात्र १९०३ पासूनची अमेरिकन बढाई आहे, तिचं समर्थन करायच्या फंदात मी पडत नाही. मोज्यांचं म्हणाल तर सुरुवातीच्या काळात इथेही उघड्या हातांनीच खेळायचे. बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलकाच. पण तो बॅटवरून ताशी १६० किलोमीटरच्या वर वेगानं निघतो आणि तिसऱ्या बेसवरचा माणूस जेमतेम नव्वद फुटांवर उभा असतो. शिवाय त्याला नुसतं अडवून भागत नाही, त्याच झटक्यात पहिल्या बेसकडे फेकायचंही असतं. आणि असे सामने किती? एका मोसमात १६२. हात वर्षभर टिकायला हवेत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला कधी धड देता आलं नव्हतं. ते द्यायची वेळ आली ती २०२४ च्या उन्हाळ्यात, आई इथे आल्यावर. गंमत म्हणजे आईनं तो प्रश्न विचारलाच नाही, कारण तिला क्रिकेटच आवडत नाही.

याला कारण आमचे बाबा. बाबा सांगलीत एका क्रिकेट क्लबचे स्कोअरर होते. नोकरी साखर कारखान्याच्या हिशोब खात्यात. रविवार मात्र मैदानाचा. खेळाडू म्हणून ते सुमार होते हे तेच सांगायचे. पण मांडवात टेबल टाकून, चार रंगांची पेनं आणि ती लांबडी वही घेऊन बसले की त्यांच्या वहीतला एक ठिपका इकडचा तिकडे होत नसे. विजय हजारे जन्मले त्या गावात क्रिकेट म्हणजे काही साधी गोष्ट नाही, असं त्यांचं म्हणणं. आईचं म्हणणं असं, की लग्नानंतरच्या तीस वर्षांतले रविवार कोणीतरी मोजावेत. जानेवारी २०२४ मध्ये बाबा गेले. वर्ष व्हायच्या आत समुद्र ओलांडू नये असं दोन आत्यांनी सांगून पाहिलं. आई मेच्या शेवटी आली.

मी दिवसभर लॅपटॉपसमोर. आई प्राथमिक शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली, दिवस कसा घालवायचा हा तिच्यापुढचा प्रश्न आणि ती तो कोणाला विचारणारी नाही. एक दिवस मी मीटिंग संपवून बाहेर आलो तर टीव्हीवर ओकलंड अॅथलेटिक्सचा सामना लागलेला आणि ही पालक निवडत बघत बसलेली.

"हे रोज असतं का रे?"

"जवळजवळ रोज."

"बरंय. मालिकेसारखं." एवढं म्हणून तिनं पुन्हा पालकाकडे बघितलं. तिथून प्रश्न सुरू झाले.

"त्यानं बॅट हलवलीसुद्धा नाही, मग त्याची चूक कशी झाली?" होम प्लेट नावाची १७ इंच रुंदीची पांढरी फळी जमिनीत बसवलेली असते. तिच्यावरून, गुडघ्याच्या खालपासून छातीच्या जरा खालपर्यंतच्या पट्ट्यातून चेंडू गेला की तो खेळायलाच हवा होता असं धरतात. न खेळता सोडला तर स्ट्राइक. तीन झाल्या की आऊट. पट्ट्याबाहेरचा सोडला तर बॉल. चार झाले की पहिला बेस फुकट. "म्हणजे काय सोडायचं ते कळलं पाहिजे," आई म्हणाली. मी इथे पाच वर्षं काढली, दोन पुस्तकं वाचली, पण फलंदाजीची इतकी थोडक्यात व्याख्या मला सुचली नव्हती.

"मागे गेला तर मोजत का नाहीत?" क्रिकेटवाल्या मित्रांचाही हा आवडता आक्षेप. लेट कट नाही, ग्लान्स नाही, ही कसली बॅटिंग? इथे मैदान पंख्यासारखं, नव्वद अंशांचं. त्या दोन रेघांबाहेर गेलेला चेंडू फाउल. पहिले दोन फाउल स्ट्राइक म्हणून मोजतात, त्यानंतर कितीही मारा, मोजत नाहीत. बंट करताना तेवढी सूट नाही. म्हणून दोन स्ट्राइकवर अडकलेला फलंदाज नको ते चेंडू बाहेर ढकलत गोलंदाजाला दमवतो. आमच्या गल्लीत जोश्यांच्या भिंतीला लागलं की आऊट असायचं. नियमांना जागेच्या मर्यादेतूनच आकार येतो असं मला वाटतं. ओकलंडच्या मैदानाची तर खासियत अशी, की तिथे फाउलची जागा भलतीच मोठी होती. दुसरीकडे जो चेंडू प्रेक्षकांत पडला असता, तो इथे हवेत झेलून फलंदाज आऊट व्हायचा.

"चांगला खेळाडू म्हणजे कितीला किती?" दहा वेळा गेला आणि तीनदा हिट मारली तर उत्तम, म्हणजे सरासरी .३००. आई शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली, "आमच्याकडे पस्तीसला पास असतं." टेड विल्यम्सनं १९४१ मध्ये .४०६ केले आणि त्यानंतर मेजर लीगमध्ये पूर्ण मोसमभर चारशे गाठणारा एक खेळाडू अधिकृत यादीत आहे, तोही उशिरा आला : जॉश गिब्सन, १९४३ मध्ये .४६६. तो काळा होता, त्यामुळे गोऱ्यांच्या लीगमध्ये त्याला प्रवेशच नव्हता. जॅकी रॉबिन्सननं ती भिंत १५ एप्रिल १९४७ ला ओलांडली, आणि निग्रो लीगमधले आकडे मुख्य विक्रमांत मिळवून घ्यायला २०२४ उजाडावं लागलं. नेमक्या त्याच उन्हाळ्यात. "म्हणजे एवढी वर्षं वहीत होतं, पण धरत नव्हते," आई म्हणाली.

आणि इथे मला त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सापडल्यासारखं झालं. क्रिकेटमध्ये विकेट म्हणजे जीव. एकदा गेलास की गेलास, मग पॅव्हेलियनमध्ये बसून इतरांचं बघायचं. बेसबॉलमध्ये आऊट ही रोजची गोष्ट आहे. अर्ध्या तासानं तुझी पाळी पुन्हा येणार, आज आली नाही तर उद्या सामना आहेच. हा खेळ बहुतांश वेळा न जमण्यावर उभा आहे. क्रिकेटचा चुलतभाऊ म्हणा हवं तर, पण स्वभाव अगदी निराळा.

तिला सर्वात खटकलं ते चेंडूंचं. "जरा मातीला लागला की टाकून देतात? एवढी उधळपट्टी?" चेंडू जुना होत जाणं, एका बाजूनं चकाकी राखणं हा क्रिकेटचा अर्धा खेळ. इथे असं नाही, आणि त्यामागे एक मृत्यू आहे. १९२० मध्ये क्लीव्हलंडचा रे चॅपमन हा खेळाडू कार्ल मेझच्या चेंडूवर डोक्याला मार लागून गेला. त्या काळी एकच चेंडू मळून काळा होईपर्यंत वापरत. संध्याकाळच्या उजेडात त्याला तो दिसलाच नसावा असं मानतात. त्यानंतर मळका चेंडू लगेच बदलायचा शिरस्ता पडला. उलट कोरा चेंडू फार गुळगुळीत असतो, हातातून सटकतो, म्हणून सामन्याआधी प्रत्येक चेंडूला डेलावेअर नदीच्या एका उपनदीकाठचा खास चिखल चोळतात. हे ऐकल्यावर उधळपट्टीचा मुद्दा आईनं मागे घेतला. चिखलाबद्दल मात्र तिला बराच वेळ हसू येत होतं.

"तो म्हातारा त्या पोरांसारखाच ड्रेस घालून का बसलाय?" तो मॅनेजर. जुन्या काळी मॅनेजर बहुधा स्वतःही खेळायचा, त्याची ती खूण राहिली. अपवाद याच संघाचा. अॅथलेटिक्स मूळचे फिलाडेल्फियाचे. तिथे कॉनी मॅक यांनी १९०१ ते १९५० अशी पन्नास वर्षं संघ सांभाळला, तोही सूट घालून. संघाच्या चिन्हातला हत्ती त्यांच्याच काळातला. एका प्रतिस्पर्ध्यानं हिणवलं, की हा संघ म्हणजे पांढरा हत्ती पोसणं आहे. मॅकनी तो हत्तीच बोधचिन्ह करून टाकला. आई खूश. पुढे गणपतीत तिनं टीव्हीशेजारी मूर्ती मांडली, तेव्हा दोन हत्ती शेजारी शेजारी दिसत होते.

ऑगस्टमध्ये एका दुपारी रजा टाकून मी तिला मैदानावर नेलं. फ्रीमाँटहून बार्ट पकडायची, कॉलिसियम स्टेशनला उतरायचं, तारांच्या जाळीतून गेलेल्या लांब पुलावरून चालत जायचं. पुलावर शेंगा, टोप्या, पाण्याच्या बाटल्या विकणारे. आत साठ हजारांच्या आसपास माणसं मावतील असं काँक्रीटचं प्रचंड भांडं आणि त्यात इकडे तिकडे विखुरलेली काही हजार डोकी. "यात्रा उठल्यासारखं वाटतंय," आई म्हणाली. उजव्या कोपऱ्यात कोणी तरी ढोल बडवत होतं, ते तेवढं घरच्यासारखं.

धावफलकावर प्रत्येक संघापुढे शेवटी तीन रकाने असतात : रन, हिट, एरर. तिसऱ्याशी आई अडखळली.

"चुका? चुका पाटीवर लिहितात?"

लिहितात. साधा चेंडू हातातून सुटला, फेक चुकली, तर कोणाकडून चुकलं ते नावानिशी नोंदवतात. ते ठरवायला अधिकृत स्कोअरर असतो. साधारण प्रयत्नात हे जमायला हवं होतं का, एवढंच तो बघतो. हवं होतं असं त्याला वाटलं तर फलंदाजाला हिट मिळत नाही, आणि त्या चुकीमुळे झालेली धाव गोलंदाजाच्या माथी मारत नाहीत. आईनं शेंग फोडली. "ह्यांच्या वहीत हे नव्हतं," ती म्हणाली. बाबांचं नाव तिनं आजवर कधी घेतलेलं नाही, 'हे'च. "कॅच कोणी सोडला ते वहीत कुठंच नसायचं. रात्री जेवताना मात्र सांगायचे. वीस-वीस वर्षांपूर्वीचे सुटलेले कॅच."

मला हे नवीन होतं. माझ्यासमोर ते फक्त आकडे बोलायचे.

बेसबॉलची ही नोंद लावून देणारा हेन्री चॅडविक हा जन्मानं इंग्रज आणि पत्रकारितेत आधी क्रिकेटचा वार्ताहर. तीन स्ट्राइकनं आऊट झालेल्या फलंदाजापुढे 'के' लिहितात, ती खूणही त्याचीच. क्रिकेटच्या वहीत जे मावत नव्हतं त्यासाठी त्यानं रकाने पाडले असावेत, असं मी तिला सांगितलं. बाबांशी त्याचं जमलं असतं. किंवा कडाक्याचं भांडण झालं असतं.

पाचव्या-सहाव्या डावात कधीतरी ओकलंडच्या एका फलंदाजानं बॅट आडवी धरून चेंडू नुसता पायाजवळ पाडला आणि स्वतः आऊट झाला. त्या गडबडीत पहिल्या बेसवरचा गडी दुसऱ्यावर पोचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"हा आऊट झाला ना?"

"झाला. पण मुद्दाम. याला सॅक्रिफाइस म्हणतात. दुसऱ्याला पुढे सरकवायला स्वतःची पाळी दिली. त्याच्या सरासरीत हे धरत नाहीत, वेगळं लिहितात."

"याचीही नोंद होते?" तिनं माझ्याकडे वळून बघितलं. "कोण करतं?"

"तोच स्कोअरर. पण एक अट आहे. फलंदाज खरंच दुसऱ्यासाठी करत होता, की स्वतःच हिट मिळवायला बघत होता आणि फसला, हे स्कोअररनं ठरवायचं. स्वतःसाठी करत होता असं वाटलं तर सॅक्रिफाइस देत नाहीत."

"आणि त्याच्या मनातलं ह्याला वरून कसं कळतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२०१२ साली, मी दहावीत असताना, आईला मुख्याध्यापिकेची बढती आली होती. शाळा जत तालुक्यात. ती तिनं नाकारली आणि शेवटपर्यंत उपशिक्षिका राहिली. घरी या विषयावर चर्चा झाली नाही, एका संध्याकाळी अर्ज लिहून झाला होता. माझ्या टक्केवारीचे पेढे वाटले गेले. तिच्या सेवापुस्तकात 'बढती नाकारली' अशी एक ओळ असेल, कारण सेवापुस्तकात तेवढंच लिहायची सोय असते. त्या दुपारी मी हे काही बोललो नाही, तीही नाही. शेंगांची टरफलं पायाशी टाकायची इथे पद्धत आहे, ती मात्र तिनं शेवटपर्यंत पाळली नाही. पिशवीत भरून घरी आणली.

यात एक विरोधाभास आहे आणि तो माझ्या धंद्याच्या अंगानं येतो. सॅक्रिफाइस हा तोट्याचा सौदा आहे असं ठामपणे मानून वागणारा संघ म्हणजे हाच ओकलंड. 'मनीबॉल' सिनेमा पाहिलेल्यांना ठाऊक असेल; २००२ मध्ये बिली बीन यांच्या या कमी पैशांच्या संघानं सलग २० सामने जिंकले. त्यामागचं गणित सोपं आहे. सामन्यात आऊट २७ च मिळतात, ते जपून खर्च करा. पहिल्या बेसवर गडी आणि एकही आऊट नाही, अशा स्थितीतून त्या डावात सरासरी ०.९ च्या आसपास धावा होतात. बंट करून गडी दुसऱ्या बेसवर नेला आणि एक आऊट दिला, की तोच आकडा ०.७ च्या आसपास येतो. म्हणजे ज्याच्यासाठी त्याग केला त्याच्या संघाचंच नुकसान. आता सगळेच संघ हा हिशोब करतात, त्यामुळे बंट दुर्मीळ झालाय. आमच्या नशिबी तो दिसला.

परतताना बार्टमध्ये मी हे आईला समजावून सांगितलं, आकड्यांसकट. का सांगितलं कोण जाणे. इंजिनिअरच्या अंगात असतं ते. तिनं शांतपणे ऐकलं. "बरोबर असेल त्यांचं," म्हणाली, आणि सॅन लिआंड्रो गेलं का ते विचारलं.

त्या मोसमाला आणखी एक प्रश्न चिकटलेला होता, तो कोणीही विचारी : संघ का चाललाय? उत्तराला बरेच पदर आहेत. नवं मैदान कोणी बांधायचं, पैसे शहरानं किती द्यायचे, मालकाची इच्छा कुठे होती. पण मूळ उत्तर एवढंच, की इथे संघ ही मालकाची मालमत्ता असते आणि ती हलवता येते. रणजीचा महाराष्ट्र संघ उद्या उठून गुजरातेत गेला असं होत नाही. पण पुणेकरांना याची थोडी कल्पना असेल. पुणे वॉरियर्स आले आणि गेले, सुपरजायंट आले आणि दोन वर्षांत गेले. फरक असा, की ओकलंडात हा संघ १९६८ पासून होता, चारदा वर्ल्ड सिरीज जिंकला होता. त्याआधी बास्केटबॉलचा संघ २०१९ मध्ये खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेला, फुटबॉलचा २०२० मध्ये लास वेगासला. हा शेवटचा. १३ जून २०२३ ला प्रेक्षकांनी उलटा बहिष्कार घातला. एरवी ओस पडणाऱ्या मैदानात २७,७५९ लोक आले, 'विका' असं लिहिलेले हिरवे टीशर्ट घालून मालकाच्या नावानं ओरडले, आणि त्या मोसमात ११२ सामने हरलेल्या संघानं तो सामना जिंकला. संघ तरीही चाललाच.

२६ सप्टेंबर २०२४, गुरुवार, दुपारचा शेवटचा सामना. तिकिटांचे भाव आम्हाला परवडण्यापलीकडे गेले होते. मी घरूनच काम करत होतो, कॅमेरा बंद ठेवून. ४६,८८९ लोक. ओकलंडनं टेक्सासला ३-२ हरवलं. मग कोणी जाईचना. मॅनेजर मार्क कॉट्से माईक घेऊन मैदानात आले, शेवटची घोषणा लोकांकडून म्हणवून घेतली. लोक मैदानातली माती डब्यांत भरून नेत होते. पन्नाशी-साठीची माणसं, टोपीनं डोळे पुसणारी.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आता ह्या माणसांनी रविवारी काय करायचं?"

रविवारांचा हिशोब तीस वर्षं मांडत आलेल्या बाईच्या तोंडून हे ऐकून मी तिच्याकडे बघत राहिलो. ती टीव्हीकडे बघत होती.

तिनं इथेच राहावं असं मला वाटत होतं, आणि तोवर ते मी विचारलं नव्हतं. कायद्यानं तशी सोय नाही म्हणा. आईवडिलांसाठी ग्रीनकार्डचा अर्ज नागरिकाला करता येतो, आणि माझं स्वतःचंच एच-वन-बीवर, भारतीयांच्या त्या न सरकणाऱ्या रांगेत. पण व्हिसाची मुदत वाढवून घेता येते, वर्षाआड येता येतं. त्या रात्री विचारलं. ती म्हणाली, वर्षश्राद्ध घरी व्हायला हवं. आणि क्लबच्या पोरांचा फोन आला होता, ह्यांच्या वह्या कोणाला तरी लावून द्यायला हव्यात. "त्यांना म्हटलंय, मी बसते. अक्षर मलाच लागतं ह्यांचं." ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी तिला विमानतळावर सोडलं. बॅगेत हत्तीची एक टोपी होती, आत्याच्या नातवासाठी म्हणे.

२०२५ पासून संघ सॅक्रामेंटोत, चौदा हजारांच्या छोट्या मैदानात खेळतो. २०२८ ला लास वेगास. तोवर त्याच्या नावाला गाव नाही, नुसतं अॅथलेटिक्स. मला त्यांच्यात पूर्वीइतका जीव राहिलेला नाही, खरं सांगायचं तर सामने पाहतच नाही. पण इथे संध्याकाळचे पावणेसात म्हणजे सांगलीत सकाळचे सव्वासात, आईचा चहा झालेला असतो. फोनवर आधी जेवलास का, मग आत्यांची खबर, मग वह्या कुठवर आल्या. १९९८ पर्यंत लागल्यात. बऱ्याच पानांच्या समासात बाबांनी पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीबाही लिहून ठेवलंय, ते तिला आत्ता सापडतंय. बहुतेक नावं आहेत, पुढे फुली मारलेली.

"सुटलेले कॅच," ती म्हणते. "लिहीत होते की रे."

आणि मग, फोन ठेवायच्या आधी, "काल आपले जिंकले का?" मी दुसरी खिडकी उघडून स्कोअर शोधतो.